तिच्या नावाचं पान

अंजनीनं वाटण न वाटताच पाटा भिंतीला उभा करून ठेवला आणि सोप्यात येऊन सांगितलं, "यंदा मी पान वाढायची न्हाय."

तिचा नवरा परशराम हातमागाच्या खड्ड्याच्या काठावर ओलेत्यानं बसला होता. आज माग बंद होता. दरवर्षी वैशाखातल्या या तिथीला तो बंदच असायचा. त्यानं मान वर केली नाही.

बेळगावातल्या वडगावच्या त्या गल्लीत या घरचं श्राद्ध सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या लेकीचं ते श्राद्ध, ती चांगली जिवंत होती. मुंबईला आत्याकडे म्हणून गेली ती तिकडेच नाच कंपनीत शिरली. कोष्ट्याची पोर परक्या पुरुषांबरोबर स्टेजवर नाचते म्हटल्यावर पंच बसले. वाळीत पडता की पोरीवर पाणी सोडता, एवढंच त्यांनी विचारलं. धाकटी लग्नाची होती. परशराम विहिरीवर गेला, थोरलीच्या नावानं आंघोळ करून आला आणि पंचांच्या देखत दारातूनच म्हणाला, आजपासून तिचं नाव या घरात निघणार नाही.

इथवर अंजनीनं सोसलं. पण नवरा तेवढ्यावर थांबला नाही. पंचांनी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं, तरी दरवर्षी तो तिच्या नावाचं पान वाढायला लावायचा. पानासमोर बसून पाणी सोडायचा आणि मोठ्यानं, पुन्हापुन्हा काहीतरी म्हणायचा. ते कानावर पडू नये म्हणून अंजनी चुलीपाशी कानांवर पदर दाबून बसायची. जित्या पोरीला बापानंच मसणात धाडायचं, कसलं काळीज म्हणायचं हे!

लेकीची खुशाली तिला कळायची ती शेजारच्या मास्तरांच्या बायकोकडून, इंदुताईंकडून. उन्हाळा लागला की कंपनीचे खेळ सुरू व्हायचे, कधी मसुरीला, कधी उटीला, आणि इंदुताई वर्तमानपत्रातून ते वाचून दाखवायच्या. छापणारे त्या नाचाला बॅले म्हणत आणि पोरीला मंजिरी. कंपनीनं तिचं नावच बदलून टाकलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात ती हरणांच्या कळपात होती. पुढे नदी झाली. मग घोटा मुरगळला आणि तिची जागा कुणा सरोजिनीला मिळाली. या न पाहिलेल्या सरोजिनीवर अंजनीचा असा काही दात होता, की ती लग्न करून कंपनी सोडून गेल्याचं छापून आलं त्या दिवशी तिनं घरी शिरा केला. परशरामानं तो मागून घेऊन खाल्ला. आज काय विशेष, हे मात्र विचारलं नाही.

एकदा फोटोही आला होता. मुलींची रांग, आणि सगळ्यांची तोंडं शाईत बुडालेली. इंदुताई चष्मा पुसून शोधत राहिल्या. अंजनीनं तोंडाकडे बघितलंच नाही. पाय बघितले आणि एकीवर बोट ठेवलं. लहानपणी मागावर बसून पावड्या दाबणारे पाय आईला कळणार नाहीत तर कुणाला? बोटाला लागलेली शाई तिनं दिवसभर धुतली नाही.

आणि काल इंदुताई पेपर घेऊन स्वतःच धावत आल्या होत्या. "अंजनीआक्का, मुख्य काम आता तिच्याकडं! आणि खेळ कुठं ठाऊक आहे? आपल्या बेळगावात. कॅम्पातल्या थेटरात, उद्या संध्याकाळी!"

तेव्हापासून अंजनीच्या जिवाला थारा नव्हता. मसुरी, उटी ही नुसती नावं होती. कॅम्प म्हणजे चालत जायची वाट. तिथं या घडीला पोर जेवत असेल, केस विंचरत असेल. इतकी जवळ ती आजवर आली नव्हती, आणि म्हणूनच आजच्याइतकी आठवण अंजनीला कधी झाली नव्हती.

"ऐकतासा न्हवं?" ती नवऱ्याला म्हणाली. "ती गावात आलीया. आज सांजच्याला नाचणार हाय. मी जाणार. पंच काय करत्यात ते करू देत, धाकटीचं लगीन झालंय. पण सकाळी तिचं पान वाढायचं आणि सांजच्याला तिच्याम्होरं जाऊन बसायचं, हे माज्यानं व्हायचं न्हाय."

परशरामानं पायानं खड्ड्यातली पावडी दाबून पाहिली.

"जितीजागती पोर हाय ती! किती येळा मारणार तिला?"

परशराम उठला. ओलं धोतर पिळल्यासारखं करून पुन्हा तिथंच बसला.

"मंजिरी म्हणत्यात न्हवं तिला आता?" तो म्हणाला.

अंजनी बघतच राहिली. ते नाव तिनं घरात कधी उच्चारलं नव्हतं.

"बाजारात साड्या टाकाय जातो तितं पेपर वाचत्यात. घोटा मुरगळलेला ते बी ऐकलंय मी. पण मंजिरी काय माज्या तोंडात बसत न्हाय बघ. ते काय आपण ठेवल्यालं नाव न्हवं."

"मग जित्या पोरीचं पान कशाला वाढतासा?"

"जित्या लेकीचं नाव या घरात काढायचं न्हाय, हे पंचांम्होरं मीच बोलून बसलोय. पण पाणी सोडताना बापाला नाव घ्यावंच लागतंय. तितं कोण आडवत न्हाय." त्यानं तोंडावरून पालथा हात फिरवला. "वाढ, अंजने. वर्सातनं येकदा तरी पोरीला 'जयवंता' म्हणू दे मला."