उसनं रक्त

"बाही वर करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि क्रेनवाल्याने बाही हळूहळू वर सरकवली. कोपरापाशी कालपरवाची सुईची खूण असायला हवी होती. ती नव्हती. बाईंनी मात्र नुसतं ब्लडप्रेशर घेतलं आणि पट्टा काढला. त्याने बाही घाईघाईने खाली ओढली.

खूण असणार कुठून? रक्त दिलं होतं धाकट्या भावाने. क्रेनवाल्याला सहा महिने धड झोप नव्हती, कशातच जीव रमत नव्हता. तशात कंपनीने फर्मान काढलं: पंचविशीच्या आतल्या सगळ्यांचं रक्त तपासणार, कुणाचं मन खचलंय का तेही बघणार. संशय आला की क्रेनवरून खाली. त्याने हे घरी धाकट्याला सांगितलं. धाकटा म्हणजे घरातला बडबड्या, चेहऱ्याने दादाची दुसरी प्रत. "त्यात काय, मी जातो," तो म्हणाला. "माझ्या रक्तात नुसता चावटपणा निघेल." आणि दादाचं ओळखपत्र खिशात घालून गेलासुद्धा.

बाईंनी रिपोर्ट पुढे ओढला. आता सही होईल, मग होईल, म्हणून तो पेनाकडे बघत राहिला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"ताप नाही, कुठे जखम नाही, तरी रक्तात सुजेची खूण दिसतेय. तीही भलतीच. मन खचलं तरी कधीकधी असं होतं. नुसत्या रक्तावरून ठाम काही सांगता येत नाही. पण तरुण मुलांत असं दिसलं की मी एक प्रश्न विचारतेच." त्यांनी खुर्ची जवळ घेतली. "जगणं नको झालंय का?"

त्याला आधी काही कळेचना. घरात आजारी तर तो स्वतः होता. मग एकेक आठवायला लागलं. रक्त देऊन आल्यापासून धाकट्याने तीनदा विचारलं होतं, "दादा, रिपोर्टमध्ये काय काय कळतं रे?" तिन्ही वेळा तो त्याच्यावर वसकन ओरडला होता. चारचौघांत अखंड बडबडणारा तो पोरगा खोलीत गेला, दार लोटलं, की आतून चकार शब्द येत नसे. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणालाच त्यात काही वाटलं नव्हतं.

"घाबरू नका, नोकरीचं नंतर बघू," बाई म्हणाल्या. "फक्त आज एकटे राहू नका."

तो ताडकन उठला.

"बाई, हे रक्त माझं नाही, माझ्या भावाचं आहे. आणि तो आत्ता घरी एकटाच आहे."