काळा स्क्रीन

"मले… का… काळा…" भैय्यालाल म्हणाले.

"काळा चहा ना? मांडते आत्ता," म्हणत मीराबाई उठल्यासुद्धा.

"चहा नाही वं आई, काळा चश्मा! डॉक्टरनं उन्हात लावायला सांगितला ना!" दीक्षा तोवर कपाट उघडून शोधायला लागली होती.

भैय्यालालांनी डावा हात टेबलावर असा आपटला, की मायलेकी जागच्या जागी थिजल्या. "डॉस!" ते ओरडले.

हिवाळ्यात लकव्याचा झटका येऊन गेला, तेव्हापासून घरात हेच चाललं होतं. डोकं अगदी शाबूत. उजवा हात तेवढा थरथरायचा आणि शब्द बाहेर पडायला वेळ लागायचा. मग अर्धं वाक्य ते बोलायचे आणि उरलेलं कोणीतरी पुरं करायचं. मोबाईलही तसलाच आगाऊ. दोन अक्षरं दाबली की पुढचा शब्द आपणच सुचवायचा. परवा त्यांनी तो उशीखाली कोंबून ठेवला होता.

वाक्य पुरं करण्यात सगळ्यांत फर्राट दीक्षा. नवा रायपूरच्या सरकारी कचेरीत ती संगणक विभागात होती आणि तिला येत नाही असं काही नव्हतं, निदान तिच्या मते. 'बाबांच्या मनातलं मला तोंड उघडायच्या आधी कळते,' हे ती अभिमानानं सांगायची.

"डॉस म्हणजे ते मालधक्क्याच्या ऑफिसात होतं ते? माऊस नाही, चित्रं नाही, नुसता काळा पडदा न् पांढरी अक्षरं? बापरे बाबा! जुनी नोकरी आठवून राहिली ना? समजलं मला. थांबा, शोधतेच."

भैय्यालालांनी मान हलवली. आडवी. पण ती लॅपटॉप आणायला आत गेली होती.

चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आली होती. गुढियारी वस्तीतल्या विहारात जयंतीचं भाषण दरवर्षी भैय्यालालांचं. हातात कागद नाही, पाण्याचा ग्लास नाही, एकदा सुरू झाले की मागची पोट्टीसुद्धा गप्प. यंदा मंडळाचा अध्यक्ष धर्मपाल घरी येऊन सांगून गेला होता, "काका मंचावर बसतील, हार घेतील. भाषण दीक्षादीदी वाचेल." भैय्यालालांनी तोंड उघडलं. "नाही ना वो काका, त्रास नका घेऊ," म्हणत धर्मपालनं त्यांचे पाय धरले आणि तो गेलासुद्धा. दीक्षानं दुसऱ्या दिवशी भाषण लिहून आणलं. छान लिहिलं होतं. बाबांच्या मनातलंच, असं तिचं म्हणणं.

आता ती डॉस शोधायला बसली. पहिल्या साइटवर बटण दाबलं तर रमीची जाहिरात नाचायला लागली. दुसऱ्या ठिकाणाहून फाइल उतरली, पण अँटीव्हायरस बोंबलला. "चोरांनो, माझ्याशी खेळता काय," म्हणत तिनं ती उडवली. मग तिला बरोबर जागा सापडली. जगभरातल्या हौशी लोकांनी जुन्या डॉससारखीच प्रणाली स्वतः लिहून काढली होती आणि फुकट ठेवली होती. ज्याला पाहिजे त्यानं उतरवून घ्यावी, कोणी विचारणार नाही. दीक्षानं ती पेनड्राइव्हवर चढवली, कॉलेजातला जुना लॅपटॉप झटकला आणि चालू केला.

काळा पडदा आला. डाव्या कोपऱ्यात एक छोटी पांढरी रेघ लुकलुकायला लागली.

"घ्या! है ना कमाल?" दीक्षा म्हणाली.

भैय्यालाल खुर्ची ओढून बसले. डाव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी एक अक्षर दाबलं. बराच वेळ गेला. मग दुसरं. तोंडानंही ते तेच अक्षर घोळवत होते. रेघ लुकलुकत राहिली. त्यांनी बायकोचं नाव पुरं केलं, मोठ्यानं म्हटलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर इंग्रजीत उमटलं, चुकीचा हुकूम.

"पाहा, याले बी माहं नाव पटत नाही," मीराबाई म्हणाल्या, आणि भैय्यालाल कितीतरी दिवसांनी खदखदून हसले.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. यावेळी लांब वाक्य होतं. तिसऱ्या शब्दावर बोट अडलं तसा दीक्षाचा हात आपोआप पुढे गेला. "द्या, मी करून देते."

भैय्यालालांनी तो हात बाजूला सारला. लेकीकडे पाहिलं आणि बोलायला लागले. दीक्षाच्या जिभेवर त्या वाक्याचे तीन शेवट तयार होते. ते तिथेच ठेवून ती बाबांसमोर स्टुलावर टेकली.

"हे… मशीन…" ते म्हणाले. "मी एंटर… दाबेपर्यंत… मधात… बोलत नाही."

दीक्षाला एकदम रडू आलं. लाजही वाटली. कळते, कळते म्हणत आपण एवढे दिवस बाबांचं तोंडच बंद करत होतो.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. धर्मपाल होता. तिनं डोळे पुसले, फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"दीदी, बॅनर छापायला देऊन राहिलो. भाषणापुढे तुमचंच नाव टाकू ना?"

दीक्षानं फोन बाबांकडे सरकवला.

"भा… भाषण…" भैय्यालाल फोनकडे वाकले. "यंदा बी…"

"हव हव काका, समजलं! तुम्ही आराम करा, दीदी वाच—"

"धर्मपाल भैया, थांबा जरा," दीक्षा म्हणाली. "बाबांनी अजून एंटर दाबलं नाही."