काळा धूर

सत्तरीतल्या आईची जुनी स्पोर्ट्स कार आठवडाभर नुसता काळा धूर ओकत होती. "इंजिनाचं वय झालं आई, आणि तुझंही. चालवणं पुरे आता," मुलगा म्हणाला. "विकून टाकू. गिऱ्हाईक उद्या सकाळीच येतंय."

"माझी गाडी विकणारा तू कोण लागून गेलास टिकोजीराव?" म्हणत आईनं बाह्या सरसावल्या आणि बॉनेट उघडलं.

प्लग काढले, तर तवा परवडला इतके काळे! म्हणजे इंजिन पेट्रोल ढोसत होतं आणि हवा त्याला पुरत नव्हती. हवा अडवणारा चोक अडकलेला नव्हता. कार्बुरेटर तर तिनं स्वतःच्या हातानं लावलेला, त्यात खोट निघेना. मग पाणी मुरतंय तरी कुठं, असं पुटपुटत तिनं शेवटी इंजिनाला हवा पुरवणारा एअर फिल्टरचा डबा उघडला. आत पाहिलं आणि गालातल्या गालात हसली. डबा परत बसवला, हात धुतले, आणि घरात कोणाला काही म्हणजे काही बोलली नाही.

सकाळी गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं. आईनं किल्ली फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं आणि धुराचा मागमूस नाही! मुलाचं तोंड अगदी बघण्यासारखं झालं.

 

"फिल्टरच्या डब्यात कोंबलेला तुझा टी-शर्ट धुऊन दोरीवर वाळत घातलाय," गिअर टाकत आई त्याला म्हणाली. "आता गेट उघड आणि बाजूला हो."