शब्बाथआधीची बस
“भोकातला लोखंडाचा कीस काढल्याशिवाय आटे पाडायचा टॅप घालू नकोस, मोडेल,” असं कारखान्यातले मेनाशेकाका बजावत आणि लिराझ ते हसण्यावारी नेई. त्या शुक्रवारी तान्ह्याचं पाळणाघर बाराला बंद होणार म्हणून तिने सीएनसी लेथवर घाईने आटे पाडायला घेतले आणि शेवटच्याच जॉबमध्ये, म्हणजे सुट्या भागात, टॅप मोडून अडकला. गिऱ्हाईक दारात उभं. अश्केलोनला घरी जायच्या बसला निघालेल्या काकांनी पिशवी खाली ठेवली. “तू लेकराकडे पळ.” “काका, शब्बाथआधीची शेवटची बस! मग उद्या संध्याकाळपर्यंत गाडी नाही!” “इथे बेर्शेबातच राहीन. सिनेगॉगात झोपेन, प्रार्थनेत डुलक्या काढायची सवय आहेच!” अडकलेल्या टॅपला पंच टेकवून ते हातोडीच्या ठोक्यांनी तो उलटा फिरवू लागले. त्यांची वाकलेली पाठ लिराझला दहा वर्षांनीही आठवते. आता अश्केलोनवर रॉकेटं पडताहेत आणि तिथे एकटे राहणारे काका सकाळपासून फोन उचलत नाहीत. तिचं मागणं एवढंच: तुम्ही तिथले असाल, तर त्यांचं दार वाजवून या.