उतरणीच्या खुणा

“पण बाबा, उतरणाऱ्याला खुणा दिसणार कशा?”

बाबांनी डोळे मिटून घेतले. दगडी खोपीच्या ओल्या पायरीवरून ते घसरले होते आणि डावा पाय गुडघ्याखाली नको त्या बाजूला वळला होता. लेकीनं त्यांना ओढत आत आणलं, आपलं जाकीट त्यांच्यावर घातलं. फोनला रेंज नव्हती. दाराबाहेर आभाळ काळंठिक्कर पडलं होतं.

“आहेत खुणा,” ते दात आवळून म्हणाले. “जा तू.”

पाय मोडला तरी हट्ट शाबूत, या माणसाची कमाल होती. जन्मभर वनरक्षक. या वाटेवरचे पिवळे पट्टे त्यांचेच, आणि ते सगळे फक्त चढणाऱ्याला दिसतील अशा बाजूला. डोळे उघडे ठेवून जो वर आला, तो खाली उतरेलच, असं त्यांचं ठाम मत. निवृत्तीनंतरही दर वर्षी हिवाळा सरता सरता ते रंगाचा डबा घेऊन निघत आणि पट्टे ताजे करून येत. यंदा आईनं लेकीला बळेच सोबत धाडलं होतं.

सकाळपासून दोघं मुकाट चालली होती. झाडावरचा पट्टा रंगवून झाला की बाबा म्हणत, “तू हो पुढे,” आणि मागे रेंगाळत. दम लागतोय, पण कबूल करायचं नाही, हे तिनं ओळखलं. त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून ती मागे वळून बघत नव्हती.

आता तीच वाट अनोळखी झाली होती. दोघांच्या कवेत मावणार नाहीत अशी जुनी झाडं, एकाला झाका आणि दुसऱ्याला काढा. वाळल्या पानांच्या थरावर पाऊल उमटत नव्हतं. ती झाड ओलांडायची, वळायची, पट्टा दिसला की पुढे पळायची. असं बरंच अंतर निभावलं. मग उतार दोन बाजूंना फुटला. तिनं वळून पाहिलं, पट्टा नव्हता. डावीकडे गेली, परत आली. कोणत्या झाडापासून निघालो तेही कळेना. पाखरं केव्हाच गप्प झाली होती.

आपण चुकलो तर बाबा आज गारठून मरणार. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

तिला त्यांचा भयंकर राग आला. पाच वर्षांची असताना ती एकदाच या वाटेवर आली होती. बाबा पट्टे ओढत पुढे जात होते आणि ही मागून डब्यात बोट बुडवून प्रत्येक झाडाच्या पाठीवर ठिपका देत होती. परत येताना आपल्याला कळायला नको? उतरताना बाबांनी ते ठिपके पाहिले आणि फटकारलं, “जंगल म्हणजे तुझी चित्रकलेची वही नाही.” ती घरापर्यंत रडत गेली. पुन्हा त्यांच्यासोबत कधी आली नाही, आणि पुढे दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं.

वाऱ्याचा पहिला झोत आला आणि वरच्या फांद्या कडाडल्या. ती मटकन खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडू लागली.

डोळे पुसले तेव्हा उताराखालच्या खोडावर काहीतरी पिवळं दिसलं. बुंध्याशी, इतकं खाली की उभ्या माणसाची नजर तिथे जाऊच नये. एक वाकडा ठिपका. ब्रशनं नाही, बोटानं दिलेला.

इतक्या वर्षांच्या पावसात तो कधीच धुऊन जायला हवा होता.

ती गुडघ्यांवर सरकत गेली आणि तिनं त्याला हात लावला. रंग ओला होता.