चतुराबाईचे चौकोन

कंपनीच्या गेटवरच्या केबिनमध्ये वॉचमन सांडूमामांनी आपला फोन स्टोअरकीपर साकिबच्या हातात दिला. परवापासून बायकोचा, चतुराबाईचा, एकही मेसेज आला नव्हता आणि मामांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बाई लेकीच्या बाळंतपणाला पुंडलिकनगरात गेलेली. जावयाच्या घरात नवऱ्याशी फोनवर बोलायची तिला लाज वाटे, आणि लिहिता तर येत नव्हतंच. म्हणून रोज दिवेलागणीला ती फोनवर काहीतरी दाबून पाठवायची. मामांच्या जुन्या फोनवर नुसते रिकामे चौकोन उमटायचे. शेवटी परवा मामांनी फोन करून तिला चांगलंच झापलं.

"काय बोललात मामींना?" साकिबनं विचारलं.

"म्हनलं, हे रिकामे डबे कशाला धाडती? मला लई कामं असतेत."

गेटवर बसून मामांना किती कामं असतात ते साकिबला ठाऊक होतं. त्यानं ते सगळे मेसेज स्वतःच्या फोनवर पाठवले आणि तो फोन मामांपुढं धरला. चौकोनांच्या जागी पणती होती, भाकरी होती, गवताची झोपडी होती.

"हे कुठून आलं?" मामा चकित झाले.

"तुमच्याच फोनातून. ऐसा है मामा, फोन चित्र धाडत नाय, नंबर धाडतो. हर एक चित्राचा एक नंबर, साऱ्या दुनियेत एकच. तुमचा फोन पुराना. त्याला ही नवी चित्रं माहीत नाय, म्हणून तो चौकोन काढून मोकळा होतो. पण मामींनी धाडलेला नंबर बरोबर पोचला होता."

दिवा लावला. भाकरी खाल्ली का? घर डोळ्यापुढून हलत नाही. मामांना आता सगळं वाचता येत होतं. आणि रोजच्या मेसेजच्या शेवटी एकच चित्र होतं, एकमेकांना मिठी मारलेली दोन माणसं. साकिब उगाच खिडकीबाहेरचा ट्रक बघू लागला. मामांचे कान तापले, डोळे भरून आले. उभ्या संसारात बाई असं कधी बोलली नव्हती. बोलली, तर यांनी तिच्यावर डाफरून घेतलं.

"हेच मिठीचं चित्र धाडायचं का मामींना? माझ्या फोनवरून?"

"छ्या! तुमच्या फोनवरून कसं?" मामांनी डोळे पुसले आणि आपला फोन उचलला. "नंबर पोचतो म्हनले ना तुम्ही?"

"व्हय."

मामांनी तिच्या मेसेजमधला शेवटचा चौकोन बोटानं धरला आणि तिलाच परत पाठवला. मग दोघंही फोनकडं बघत बसले. एक ट्रक आत गेला, मामांनी बसल्या बसल्याच त्याला हात केला. चहा आला, निवला.

फोन वाजला. पुंडलिकनगरहून एक चौकोन आला होता. असा चौकोन याआधी तिनं कधी एकटा पाठवला नव्हता.

"आणा इकडं, काय धाडलंय बघू," साकिबनं हात पुढं केला.

मामांनी फोन शर्टाच्या खिशात टाकला आणि वरून बटण लावलं.

"ऱ्हाऊ द्या साकिबभाई. शिवी असली तरी माझीच हाय."