सोळा आरशांचा नेम

भागिरथा काळ्या कापडात डोकं घालून उभी होती. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर तिला आपलंच अंगण अंधुक आणि उलटं दिसत होतं. वर जमीन, खाली आभाळ आणि मधोमध उलटा लटकलेला नवरा, देवमन.

"काय दिसून राह्यलं?" त्यानं विचारलं.

"आरसा काळाच हाय. फिरवा अजून."

देवमन अकोल्याकडच्या मालेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा त्यानं लाकडी चौकटीवर सोळा आरसे बसवले. चौकट आणि तिच्यासमोरची भगुन्याची, म्हणजे पातेल्याची, बैठक एका जुन्या बैलबंडीच्या चाकावर, म्हणजे सूर्य सरकेल तशी फिरवता येईल. सोळाही आरशांचं ऊन भगुन्यावर पडलं की उन्हावर स्वयंपाक. पण नेम धरायला तो भगुन्याच्या जागी डोळा लावून आरशात सूर्य दिसेपर्यंत बघायचा. महिनाभरात नजरेच्या मधोमध डाग बसला. समोरच्याचे कान दिसत, तोंड दिसत नसे. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, उरली आहे ती नजर सांभाळा.

भागिरथानं ते सगळं सामान फोटोवाल्या अमृतलालच्या दुकानात नेऊन टाकलं. "आरसे तुमी वापरा, भाऊ. मले घरात नको." अमृतलालनं ऐकून घेतलं. आणि आज, रविवारी सकाळी, तेच सामान बंडीत घालून तो दारात हजर. सोबत दुकानातला मोठा पेटीचा कॅमेरा.

"मास्तरच्या डोयाच्या जागी हा डबा ठेवू," तो म्हणाला. "जळलं तर भिंग जळंल."

भगुन्याच्या बैठकीवर त्यानं कॅमेरा मांडला, भिंगापुढे काजळी धरलेली काच बांधली. पंधरा आरशांवर पुठ्ठे अडकवले आणि एक उघडा ठेवला.

देवमन बोटांनी चाचपत आरशामागचा स्क्रू पिळत होता. काचेवरचा आरसा काळसर, तसाच काळसर. आणि एकदम तो पेटला.

"थांबा! लागला!" भागिरथा कापडातूनच ओरडली.

अमृतलालनं त्यावर पुठ्ठा लावला, सूर्य सरकला तेवढं चाक फिरवलं आणि पुढचा उघडला. चार महिने ती या आरशांना शिव्या देत आली होती. आता एकेकाची वाट बघत होती. सोळावा लागला तेव्हा तिचं लुगडं घामानं चिंब झालं होतं.

कॅमेरा काढून तिथं पाणी भरलेलं काळं भगुनं झाकण घालून ठेवलं. अमृतलालनं भराभर पुठ्ठे ओढले. तिघंही उकिडवे बसून बघत राहिले. बराच वेळ काही नाही. मग आत पाणी गुणगुणू लागलं आणि झाकण थरथरू लागलं.

देवमनला नीट दिसेना. त्यानं हात पुढे केला. भागिरथानं तो धरून वाफेपाशी नेला. वाफ लागली तरी त्यानं हात मागे घेतला नाही.

अमृतलाल काळ्या कापडाची घडी घालू लागला.

"भाऊ, जेवून जा," ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. बाजारातल्या एकाही दुकानदारानं आजवर त्यांच्या बौद्धपुऱ्यात ताट वाढून घेतलं नव्हतं.

अमृतलालचा हात थांबला.

"जेवतो की, वहिनी. पण कांदा-लसूण नका टाकू. अन् मी दिस बुडाल्यावर घास घेत नाही."

देवमन हसला. चार महिन्यांत पहिल्यांदाच, अगदी मोठ्यानं.

"बिनघोर राहा, अमृतलालभाऊ. हा चुल्हा बी दिस बुडाल्यावर पेटत नाही."

भागिरथा आत गेली. तुरीच्या डाळीचा डबा उघडून तिनं रोजच्या दोन मुठी घेतल्या. मग तिसरी घेतली. आणि हात पुन्हा डब्यात घातला.